फोन धरून ठेवणाऱ्या बाई

सन्माननीय अध्यक्ष श्री. एकस्ट्रांड, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती ओदील पेरुशू आणि जिनिव्हातल्या थंडीला न जुमानता आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आधी एक गंभीर तक्रार. वक्त्यासमोर बुडबुड्यांचं पाणी ठेवण्याची या गावाची रीत केव्हा बंद होणार? भावनावेग कोणता आणि ढेकर कोणता, हे श्रोत्यांनी ओळखायचं कसं?

असो. जगातल्या संसदांमध्ये स्त्रिया किती, हे ओदीलबाई आपल्या या जागतिक संसद-संघटनेत बसून आयुष्यभर मोजत आल्या आणि मी ते वर्तमानपत्रात छापत आलो. आमच्याकडच्या न्यायदर्शनाने खरं काय ते कळण्याची प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. बाईंनी पाचवं घातलं: दूरध्वनी.

एकदा मी त्यांच्या खोलीत बातमीसाठी ताटकळत होतो. बाई एका दूरच्या संसदेच्या सचिवांशी फोनवर बोलत होत्या; पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"यादीप्रमाणे आमच्याकडे—"

"यादी आहे हो माझ्याकडे! तुम्ही उठा, सज्जात जा, खाली कोण बसलंय ते बघून या."

"आत्ता?"

"आत्ता. मी फोन धरते."

सचिव गेले, आले, आणि हळूच म्हणाले, "बाई, बऱ्याच बायकांच्या जागी त्यांचे नवरे बसलेत. दोन दीर आहेत."

निवडून आलेल्या स्त्रियांनी राजीनामे दिले होते आणि कायद्याने ठरलेले बदली सदस्य आत आले होते. सगळं नियमानुसार! बाईंनी त्या देशाचा आकडा खाली आणला. आठवड्याभरात त्यांचे राजदूत दारात.

"मॅडम, प्रकृतीच्या कारणाने राजीनामे झाले."

"सगळ्यांचे एकदम? मग साथ आली म्हणायची. टेकडीवरच्या जागतिक आरोग्य संघटनेला कळवा, इथे काय करताय?"

"आमची बदनामी होतेय."

"बायकांना परत बसवा. आकडा मी स्वतः वर नेते, वर कॉफीही पाजते."

राजदूत कॉफी न घेताच गेले. पुढच्या निवडणुकीनंतर बाईंनी पुन्हा फोन केला. या वेळी बऱ्याच स्त्रिया जागेवर होत्या. एक तर सज्जाकडे बघून ओरडली म्हणे, "मोजा, मोजा, मी काही उठत नाही!"

आज बाई निवृत्त होताहेत, आणि जानेवारीपासून प्रत्येक संसद आपला आकडा आपणच संगणकावर भरणार आहे. अध्यक्षमहाराज, आपण म्हणालात, वेळ वाचेल. वाचेलच. कोणी सज्जात जाणार नाही म्हटल्यावर वेळ वाचणारच की!

आपण मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, ऋणी आहे. जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. बाईंनी मला यापेक्षा तिखट ऐकवलेलं आहे.

थट्टा पुरे. पुढच्या मार्चमध्ये, महिला दिनाला, आकडा वर गेल्याची बातमी मीच देणार आहे. ती खरी आहे की नाही, हे मला कळणार नाही. आणि कोणाला फोन करून विचारायचं, हेही मला माहीत नाही.