खिळ्यावरचा नमुना

एका बुधवारी फुलांचे पोते जीपवर चढवताना आमचे हे खाली बसले आणि दर्यापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधी गेले. आमची पोरगी पूर्वा तेव्हा सहावीत होती. तिले धडे सांगणारं माणूस त्या दिवशी गेलं.

मी अकोटाकडची. बाबा शाळेत शिपाई, पुस्तकांच्या कपाटाची चावी आमच्याच घरी, त्यामुळे मी बारावीपर्यंत जे हाती लागलं ते वाचलं. लग्न होऊन आली ती फुलवाल्यांच्या घरात, शेवंती, झेंडू, निशिगंध. हे सातवी शिकलेले. मी वाचत बसली की म्हणत, वाच बाप्पा, आपल्या दोघाच्या वाटचं तूच वाच. आता अशा बाईच्या पोटची पोरगी, अन् तिले वाचता येईना. काय सांगू तुमाले, मले लाज वाटे. तोंडी विचारा, सगळं सांगे, मोठमोठे गुणाकार मनातच करे, आणि वहीत पाहावं तर अर्धी ओळ, तीही पुसलेली. मी तिच्याकडून एकेक शब्द शंभर शंभर वेळा लिहून घेतला. हात धरून घेतला, मारूनही घेतला. हे मी लपवत नाही.

आमच्या यायनं, तिच्या बाबानं, तिले कधी लिहायले लावलं नाही. आमच्यात लग्नाच्या हारांची ऑर्डर आली की कोणी कागदावर लिहीत नाही, वीतभर दोऱ्यात फुलांचा क्रम ओवून खिळ्यावर टांगतात, चार झेंडू, एक शेवंती, मग पान, आणि घरातलं जो तो त्या नमुन्याकडे पाहून ओवत जातो. हे ओवता ओवता पोरीले धडा सांगत आणि म्हणत, आता याचा नमुना कर. एकेका गोष्टीले एकेक फूल. फुलं दुसऱ्या दिवशी सुकत, पण तिच्या डोक्यातला क्रम काही सुकत नसे. मी म्हणायची, असे लाड केले तर ही शिकणार कधी? हे म्हणत, शिकून राहिली न व ते, तुले दिसून नाही राहिलं.

ते गेल्यावर मी पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसली. तर म्हणे, नको आई, तू चिडतं. आणि तिनं पुस्तक मिटलं.

मग चाचणी आली. तिनं दोऱ्याले गाठी मारून, मधात वाळकी पानं ओवून धड्याचा नमुना खिशात नेला, तो सरांनी पकडला. मले बोलावलं. बाई, तुमची पोरगी कॉपी करून राहिली. मी आयुष्यात कोणासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी म्हटलं, सर, धडा पचनाचा आहे, या दोऱ्यात जठर कुठी लिहिलं ते वाचून दाखवा. सरांनी दोरा उलटा केला, सुलटा केला. म्हणे, हे आमाले काहून वाचता येईल? म्हटलं, मग तिले तुमचं पुस्तक काहून वाचता येत नाही, हे तुमी कधी विचारलं का? शाळा सोडल्याचा दाखला मीच मागितला.

अमरावतीच्या दवाखान्यातल्या बाईनं तीन खेपा तपासून कागद दिला, वाचण्या-लिहिण्यात अडचण आहे, बुद्धी वयाच्या पुढे आहे. तो कागद घेऊन मी शाळा फिरली. एक मोठी शाळा पहिली ओळ वाचून म्हणे, आमच्याकडे अशी मुलं नसतात. अशा मुलांची शाळा दुसरी ओळ वाचून म्हणे, इथं बसून हिचं नुकसान होईल, ही हुशार आहे. म्हणजे एका दारात कमी, दुसऱ्या दारात जास्त. दीर म्हणाले, वहिनी, कायले फिरून राहिल्या? हात चालते पोरीचा, बसू द्या हार करत. म्हटलं, भाऊजी, हार तर ती करीनच, पण शाळा सुटली म्हणून नाही करणार.

अकोल्याची शाळा लहान, खाली किराणा, वर वर्ग. रिकाम्या हातानं जायची आमची रीत नाही, मोठ्या बाईंसाठी हार नेला होता. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि पोरीले विचारलं, तुला कसं लक्षात राहतं? ही म्हणे, तुमी वाचा, मी दाखवते. बाई रक्ताभिसरणाचा धडा वाचू लागल्या आणि हिनं टेबलावरचा हार उचलून सरळ गाठ सोडली. मी ओरडली, अव, बाईंचा हार हाये तो! बाई म्हणाल्या, असू द्या. सारा हार मोडला. धडा संपेपर्यंत नवा ओवला, झेंडू म्हणजे शुद्ध रक्त, शेवंती म्हणजे अशुद्ध, पान आलं की झडप. मग एकेका फुलावर बोट ठेवत सगळा धडा सांगितला, आणि वरून म्हणे, पुस्तकात फुप्फुसातून परत येणं एकाच ओळीत उरकलं, माह्या हारात पाहा किती जागा लागली.

बाई हसल्या. म्हणाल्या, परीक्षा तोंडी घेऊ, जिथं लिहावंच लागेल तिथं लेखनिक देऊ, दोरा वर्गात चालेल. पण अट आहे, आणि ती तुम्हाला आहे. घरी रोज वाचून दाखवायचं. चिडायचं नाही.

जगाशी भांडत मी अकोल्यापर्यंत आली होती, ती अट मी खाली मान घालून कबूल केली. पूर्वा म्हणे, मी सांगन तुमाले, चिडली तर.

दोनदा सांगितलं आहे तिनं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ मी येऊ देणार नाही. ती आता आठवीत आहे. दीर अजून विचारतात, पोरगी वाचायले लागली का? मी म्हणते, नाही, आणि पहिली आली.

सकाळच्या एसटीनं ती जाते, संध्याकाळी पुढ्यात फुलं घेऊन आम्ही बसतो. यायच्या हातचा शेवटचा नमुना खिळ्यावर आहे. फुलं गळून गेली, दोरा आहे. मी वाचते, ती ओवते.