घड्याळ काढून

सासूबाई तपासणीला आत गेल्या होत्या. पेंगुळलेल्या बाळाला थोपटत ती बाहेर बसली होती. शेजारी एक आजी-आजोबा आजींच्या हाडांच्या स्कॅनचा रिपोर्ट कळायची वाट पाहत होते.

"अहो, पाय हलवू नका. कॅन्सर मला झालाय, रिपोर्टही माझाच यायचाय."

"लेकीला फोन लावू?"

"नको. ती प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत असेल. कॅन्सरच्या पेशी चमकतील अशा केल्यात तिनं. उंदराच्या हाडात त्या कशा शिरतात, ते बघते. इतका मंद उजेड, की फक्त कॅमेऱ्यालाच दिसतो."

"मला काय सांगतेस? मी पाहून आलोय."

"आलात ना, चमकत्या काट्यांचं घड्याळ घालून! उंदराच्या मांडीत नसलेला डाग उमटला फोटोत."

"पण पोरीनं लगेच ओळखलं! 'बाबा, हा कॅन्सर नाही, तुमचे सव्वाचार वाजलेत.'"

"आणि ते तुम्ही कौतुकानं गावभर सांगत सुटलात."

"सांगणारच! बरं, रिपोर्ट वाईट आला तर तिला काय सांगायचं?"

"खरं तेच. त्या पेशींना तिच्याइतकं कोण ओळखतं?"

"आजी, डॉक्टर बोलावतायत," नर्सनं दारातून सांगितलं.

"आले हं. अहो, उठा. आणि ते घड्याळ काढा आधी."

"अगं, इथे कशाला?"

"काढा म्हटलं ना."

"काढलं बाई. चल."