कुलपात ठेवलेला सातवा भाग

सुधाकरभाऊ, प्रज्ञा, आणि हट्ट्याच्या, आजूबाजूच्या गावांतल्या मंडळींनो,

ताईच्या शोकसभेला मंडप पुरला नाही, माणसं पार रस्त्यापर्यंत उभी आहेत, हे मला इथून दिसतंय. माइक हातात घेईपर्यंत वाटत होतं, दोन शब्द बोलावेत आणि खाली बसावं. बोलणं अवघड आहे. पण रडू येतं म्हणून नाही. राग येतो म्हणून अवघड आहे. तेव्हा आधीच सांगते, मी आज गोड बोलणार नाही. कोणाला तकलीफ झाली तर सांभाळून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी. मी शैला पाठक, औंढ्याची. वसमतच्या नाट्यमंडळात उज्ज्वलाताई खिल्लारे आणि मी बरोबर उभ्या राहिलो, बरोबर पडलो, बरोबर म्हाताऱ्या झालो. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना तिनं पहिलीत अक्षर शिकवलंय. उरलेल्यांनी तिला सिनेमात ऐकलंय.

सिनेमात ऐकलंय, पाहिलं नाही. ती त्या इंग्रजी सिनेमातली म्हातारी कप्तान. उडतं जहाज चालवणारी, अनाथ लेकरं जहाजावर सांभाळणारी. चेहरा तिकडच्या कोण्या बाईचा. मराठीतला आवाज आपल्या उज्ज्वलाताईचा. सहा सिनेमे आले तिचे. पोरं मोठी झाली त्या आवाजावर.

पहिल्या रेकॉर्डिंगला मी सोबत होते. एका नाट्यस्पर्धेत मुंबईच्या एका डबिंग दिग्दर्शकानं तिला ऐकलं आणि बोलावून घेतलं. आम्ही दोघी देवगिरी एक्स्प्रेसनं गेलो, डब्यात भाकरी-ठेचा बांधून. तिथं काचेच्या खोलीत तिच्या हातात कागद दिला. कागदावर लिहिलं होतं, ‘मुलांनो, घाबरू नका, मी तुमच्या मदतीस येत आहे.’ तिनं वाचलं. परत वाचलं. मग हेडफोन काढून विचारलं, “सर, जहाज वादळात सापडलंय अन् ही बाई निबंध काहून वाचून राहिली?”

तो भला माणूस होता. हसला आणि म्हणाला, “तुम्ही कसं म्हणाल?”

ती म्हणाली, “लेकरांहो, घट्ट धरा. मी येऊन राहिले.”

तसंच ठेवलं त्यानं. पुण्याची पोरं, कोल्हापूरची पोरं, सगळी तसं बोलायला लागली. आपली बोली तोवर सिनेमात फक्त हसण्यापुरती यायची. नोकर बोलायचा, वेंधळा बोलायचा. ताईनं तिला कप्तान केलं.

आणि मग सातवा भाग आला. शेवटचा. त्यात ती म्हातारी जहाजाचं चाक एका पोरीच्या हातात देते आणि जाते. ताई त्याची वाट पाहत होती. म्हणायची, “शैले, मरायचा सीन मला चांगला येतो, तुला ठाऊक हाय.”

त्याच दिवसांत तिच्या घशात गाठ निघाली.

नांदेडच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज राहणार नाही. ताईनं एकच विचारलं, “थोडं थांबता येईल का?” डॉक्टर नाराज झाले, तिचे यजमान सुधाकरभाऊ नाराज झाले, मी तर भांडले. तिनं कोणाचं ऐकलं नाही. गेली मुंबईला. कोमट पाण्याचा थर्मास घेऊन मी काचेच्या अलीकडे बसले होते. दोन वाक्यं बोलायची आणि थांबायची. डोळ्यांतून पाणी यायचं, ते दुखण्याचं होतं. शेवटचं वाक्य असं होतं: “आता तू धर. मला बोलायचं ते बोलून झालं.” ते एका दमात बोलली. हेडफोन खुंटीला लावला, बाहेर आली आणि मला म्हणाली, “झालं, शैले. आता कापू दे त्यांना.”

तिचा आवाज मी त्यानंतर फार ऐकला नाही. ऑपरेशन झालं. गळ्यावर स्कार्फ आला, हातात पाटी आली. ती मात्र मजेत होती, बरं का. पाटीवर लिहून लिहून ठरवत होती. सिनेमा लागला की अख्खी शाळा परभणीला न्यायची. गाडी कोणाची, डबे कोणाचे, सगळं ठरलं होतं.

मग एके दिवशी लेकीनं, प्रज्ञानं, मोबाइलवर वाचून दाखवलं, अमेरिकेतल्या दोन मोठ्या सिनेमा कंपन्या एक झाल्या. ताईनं पाटीवर लिहिलं, ‘होऊ द्या. आपलं काय जातंय?’

काय गेलं ते सांगते, मंडळी. नीट ऐका.

आधी सिनेमाची तारीख पुढं गेली. मग तारीखच गेली. फोन केला तर कोणी सांगेना. शेवटी ताई हट्टाला पेटली, मुंबईला जाऊ म्हणून. सुधाकरभाऊ, ती आणि मी, तिघं त्या नव्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. साहेब तरुण होता, मराठीच होता. पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. बोलणं मऊ. म्हणाला, “मॅडम, दोन्ही कंपन्यांकडे उडत्या जहाजांची एकेक मालिका होती. आता दोन्ही एकाच घरात आल्या. घराला एक पुरे. जी जास्त चालते ती राहणार.”

मी विचारलं, “पण सिनेमा तर तयार आहे. बनलाय पूर्ण.”

“बनलाय. पण दाखवणार नाहीत. कधीच. तोटा दाखवला की कर वाचतो, हिशेबात तेच बरं पडतं.”

ऐकलं तुम्ही? माणसांनी बनवलेला, पूर्ण झालेला सिनेमा, आणि तो कोणी पाहू नये यात त्यांचा फायदा. मला आजही हे समजत नाही. घर बांधायचं आणि कोणी राहायच्या आत दार चिणून टाकायचं. याला धंदा म्हणतात का?

ताईनं पाटीवर लिहिलं, ‘मला एकदा दाखवा.’ एवढंच. बाकी काही मागितलं नाही तिनं.

तो म्हणाला, “आम्हालाही बघायला मिळत नाही, मॅडम.”

तिनं पुसलं आणि लिहिलं, ‘माझा आवाज आहे तो.’

साहेबानं पाटी वाचली. मान खाली घातली. आणि म्हणाला, “आवाज कंपनीचा आहे, मॅडम.”

समोर स्वरयंत्र काढलेली बाई बसलीय. गळ्याला स्कार्फ आहे. आणि हा सांगतोय, आवाज कंपनीचा आहे. मी उठले, मला बरंच काही बोलायचं होतं. ताईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. त्या पोरावर माझा राग नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं सांगितलं. माझा राग त्यांच्यावर आहे, ज्यांना हट्टा कुठं आहे ते कधी कळणार नाही, आणि ज्यांच्या एका सहीनं हट्ट्यातल्या बाईचा आवाज कुलपात गेला. एक होतात ते. वाढतात ते. आणि कमी होतो ते आपण.

ते एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. दिवाळीत प्रज्ञाची पोरगी आजोळी आली. लहान आहे, आजीचा आवाज तिला सिनेमातूनच माहीत. तिनं टीव्हीवर जुना पहिला भाग लावला. ते ॲपही त्याच कंपनीचं. म्हातारी कप्तान पडद्यावर आली, तोंड उघडलं, आणि आवाज आला हिंदी. कोण्या दुसऱ्या बाईचा. मराठी काढून टाकली होती. सहाही भागांतून. कंपनीला विचारल्यावर उत्तर आलं, मराठी लोक हिंदीत पाहतातच की.

लेकरू टीव्हीकडं बघतंय, आजीकडं बघतंय. म्हणतंय, “आजी, ही कोण बोलून राहिली?”

ताई काय सांगणार? उठली आणि मागच्या दारानं अंगणात गेली. मी पाठोपाठ गेले. रंगमंचावर तिला मी शंभर तऱ्हांनी पाहिलंय. तशी कधी पाहिली नव्हती. तोंड उघडं होतं. ती ओरडत होती, आणि आवाज येत नव्हता.

मंडळी, मी तिथंच संपले असते. ताई संपली नाही. आठ-पंधरा दिवसांनी तिनं मला बोलावून घेतलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘सातवा भाग दाखवायचा. शाळेत.’ मी म्हटलं, “कसा? तो त्यांच्याकडं बंद आहे.” तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग माझ्या तोंडाकडं बोट केलं.

इथं शाळेच्या व्हरांड्यात आम्ही तो भाग दाखवला. पडदा नाही, काही नाही. ताई हातांनी, डोळ्यांनी, अख्ख्या अंगानं करायची आणि मी बोलायचे. वादळ आलं की ती वाकायची, पोरंही वाकायची. मी मध्ये पुस्तकी बोलले की पाय आपटायची, परत बोल म्हणून. शेवटी चाक द्यायचं आलं. मला वाक्य पाठ होतं, पण तोंडातून निघेना. ताई हात पुढं करून उभी. तेव्हा समोर बसलेली सातवीतली एक पोरगी उठली आणि ताईच्या हातातलं ते नसलेलं चाक तिनं दोन्ही हातांनी घेतलं. मी वाक्य बोललेच नाही. ताई खाली बसली. घामानं चिंब झाली होती, आणि मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

जगात तो सिनेमा पाहिलेली लेकरं फक्त या गावात आहेत.

आता हा कागद. आत्ता मंडपात येताना माझ्या हातात दिला, वाचून दाखवा म्हणाले. त्याच कंपनीचा शोकसंदेश आहे. पहिलीच ओळ आहे, ‘आमच्या परिवारातला एक आवाज हरपला.’ हरपला? तुमच्याकडं ठेवलाय ना तो, कुलूप लावून? पुढचं मी वाचणार नाही. सुधाकरभाऊंना विचारलं, तेही नको म्हणाले. तिचा परिवार इथं मांडी घालून बसलाय.

माझं बोलणं संपलं. आता ताईसाठी मौन पाळायचं आहे. मनात राग असला तर असू द्या, तिला चालेल. फक्त एक करा. त्या दिवशी व्हरांड्यात जी लेकरं होती, त्यांनी आधी उभं राहावं. मोठ्यांनी त्यांच्या मागून.

उठा, लेकरांहो.