इस्त्रीखालचं सँडविच

दवाखान्याच्या बाकावर, तान्ह्याला खांद्याशी धरून ती पेंगत होती. मागच्या बाकावरचं सासरे-सुनेचं बोलणं दूरच्या गाण्यासारखं कानावर येत होतं.

“बाबा, मला यायला उशीर होतो, पोरं ताटकळतात. उद्या नोकरीच सोडते.”

“काल कुठं ताटकळली? सँडविच खाऊन झोपली.”

“पण टोस्टर बिघडलाय ना?”

“बटाटा, चीज भरलं, बटर पेपरात गुंडाळलं, वर इस्त्री ठेवली.”

“अगंबाई! कपड्यांची?”

“चाळीस वर्षं कॉलरी दाबल्या, पाव काय जड आहे? फिरवायची नाही, नुसती टेकवायची.”

“धाकटीनं खाल्लं?”

“दोन!”

“रोज जमेल तुम्हाला?”

“शिंप्याचा वायदा म्हणून हसू नकोस. गिऱ्हाइकांना थांबवलं, नातवंडांना नाही थांबवणार.”

“मग उद्या…”

“उद्या कामावरून येताना पाव आण.”