कागदाएवढी फट

डोळ्यांच्या दवाखान्यात सासरे औषध घालून डोळे मिटून बसले होते. सुनेच्या मांडीवर ट्रॅकवर पळवायची चिमुकली रेसगाडी होती. नर्स नंबर पुकारायचा सोडून ऐकत होती.

“बाबा, संध्याकाळी शर्यतीची फायनल आणि तुम्हाला दिसतच नाहीये!”

“औषध डोळ्यांत घातलंय, कानांत नाही. बॅटरी लाव.”

“ऐका.”

“किंचाळतेय! मोटर गिअरला फार चिकटलीय. जरा मागे घे.”

“आता?”

“आता खडखडतेय! दोन्हींच्या मध्ये कागदाची पट्टी धर, मोटर दाबून स्क्रू आवळ, मग पट्टी ओढून काढ.”

“काढली. लावते हं... बाबा!”

“अगं, काय गुणगुणतेय! जिंकलो आपण!”

“नऊ नंबर,” नर्स म्हणाली, “चिठ्ठी?”

“तिचीच पट्टी फाडली हो,” सून म्हणाली.

नर्सनं डॉक्टरांचं दार हळूच ओढून घेतलं.

“लावा परत गाडी,” ती कुजबुजली.