लाली घालवणारे थेंब

सामोआच्या राजधानीत, आपियातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात फुआतिनो आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, दाजींना काय म्हणाले डॉक्टर?"

"डोळ्यांतला दाब वाढलाय. कडेची नजर गेली ती गेलीच म्हणे."

"अगं देवा! कशानं?"

"माझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर दिलेल्या थेंबांनी. तारोच्या कंदांच्या मळ्यातून आले की यांचे डोळे लालबुंद. थेंब घातले की लाली गायब! मग वर्षभर घालतच राहिलो."

"डॉक्टरांना न विचारता?"

"सुजेवरचं साधं औषध वाटलं गं, त्यात स्टेरॉइड असतं हे आज कळलं. दुकानदारही देत होता."

"बाटली फेकलीस ना?"

"घरीच आहे. आईचे डोळे चुरचुरतात, म्हणून सकाळीच सुनेला सांगून आलेय, रोज दोनदा घाल."

"आधी घरी फोन करा!" फुआतिनोने ओळखदेख नसताना आपला फोन तिच्या हातात कोंबला.