पयला कंचा: ‘ओढ्यापल्याड’ का ‘मोटकरीण’?

...आणि वर म्हणतो कसा, ‘तुजंच खरं!’ आता तुमीच सांगा पावणं, तीस वर्सांच्या दोस्तानं असं बोलावं? शिवी दिली असती, अंगावर च्या सांडला असता, चाललं असतं. पण ‘तुजंच खरं’? अवो, भांडायला माणूस लागतो की!

मल्लेश वो! शाहूपुरीत कापडाचं दुकान होतं त्याचं, मी बाजार समितीत कारकून. दोघांचा देव एकच, संगीतकार दिगंबर सांगावकर. आता सिनेमाची गाणी काय, समदेच ऐकत्यात. आमी गाण्यांच्या मधलं ऐकायचो. हिरवीन गप बसली की मागं काय वाजतंय, ते! पंचवीस-तीस सिनेमे केले गड्यानं, आणि दर रविवारी जोतीरामच्या हाटेलात बसून आमी त्यांचं नंबर लावायचो. पयला कंचा, दुसरा कंचा...

माजा पयला ‘ओढ्यापल्याड’. अवो, ती पोरगी माहेर सोडून ओढा वलांडती, तिथं दुसऱ्यानं सनई घातली असती, व्हायोलिनी रडवल्या असत्या. सांगावकरानं काय केलं? एक बासरी. तीबी अर्ध्यात तोडली! पोरगी पल्याड गेली, बासरी अल्याडच ऱ्हायली... हातावर काटा येतो, बघा. आणि मल्लेश म्हणायचा, ‘हॅट्! फुकणाऱ्याचा दम संपला आसंल!’ त्याचा पयला ‘मोटकरीण’. का? तर मोटंच्या चाकाची करकर घेतली आणि तिच्यावर ढोलकी बसवली. मला इजा म्हणायचा तो. ‘इजा, लेका, चाकाला तालात घेतलं त्यानं, चाकाला!’ मी म्हणायचो, ‘मग तेल घाल म्हणावं की त्याला!’ की पेटलाच! टेबलावर मूठ आपटायचा, बश्या उडायच्या, गल्ल्यावरनं जोतीराम वरडायचा, ‘अवो, जमिनीची केस हाय का काय तुमची?’ सांगावकर वारले, तवा वाटलं, आता नवा सिनेमा न्हाय, आता तरी निकाल लागंल. छ्या! उलट जोर आला. एकमत कशावर? तर शेवटच्या ‘हाक’मदी म्हाताऱ्यानं कॅशिओ वाजवला, ते दोघांनीबी माफ केलं न्हाय.

मग मल्लेशची बायको गेली, दुकान बंद झालं, आणि लेक त्याला हुबळीला घेऊन गेली. विद्याश्री. गुणाची पोरगी, तिला नावं न्हाय ठेवत. पण माजं काय? मी लगीन केलेलं न्हाय. घरात मी, टेपरेकॉर्डर आणि भिंतीवरची पाल. मी म्हणायचो, ‘ओढ्यापल्याड पयला!’ पाल चुकचुकायची. होकार का नकार, कळाय मार्ग न्हाय! हाटेलात जोतीरामला म्हणलं, तू तरी बोल कायतरी. तो म्हणला, ‘मला दोन्ही आवडत्यात.’ दोन्ही! ह्याला काय मत म्हणायचं? भांडायला माणूस लागतो की!

फोन केला की विद्याश्रीच घ्यायची. ‘काका, अप्पा झोपलेत.’ कवाबी झोपलेलेच! शेवटी दोन हजार चारच्या दिवाळीत एष्टीत बसलो आणि गेलो हुबळीला. मला बघून उठला, गळ्यात पडला. मी म्हणलं, रडू मागनं, आधी निकाल. ‘मल्लू, ओढ्यापल्याड पयला!’ तो हसला. ‘व्हय, व्हय. तुजंच खरं.’ म्हणलं, डिवचून बघू. ‘मोटकरीण धाव्वा! मोटकरीण भंगारात!’ ‘व्हय, व्हय. तुजंच खरं.’

विद्याश्रीनं मला बाजूला घेतलं. ‘काका, अप्पांना ऐकू येत नाही आता. मशीनपण लावून बघितलं. लाजतात, म्हणून सगळ्यांना हो म्हणतात.’

नातीची पाटी पडलेली तिथं. घेतली, लिवलं, ‘मोटकरीण धाव्वा.’ त्यानं वाचलं. मग म्हणला, ‘इजा, आदी भायेरचा आवाज गेला, मग हळूहळू आतलाबी गेला रं. त्या चाकाची करकर आठवाय जातो... येत न्हाय. कशाच्या जोरावर भांडू?’

मी पाटी पुसली. लिवलं, ‘मोटकरीण पयला. तू जिंकलास.’

वाचलं आणि पाटी भिरकावलीच की त्यानं! ‘दया करतोस व्हय? तीस वर्सं अडून बसलास आन् आता सोडतोस? पळपुट्या! ऊठ, चालता हो!’ तोंड लालभडक, विद्याश्री स्वयंपाकघरातनं पळत आली... आणि मी? मी हसतोय येड्यागत! जेवणापातुर तो वरडत हुता, मी लिवत हुतो, नातीची पेन्सिल झिजून संपली. निघताना बजावलं त्यानं, ‘पत्र टाक. आन् बदलू नगंस.’

आता दर आठवड्याला कार्ड टाकतो. तिकडनं शिव्या येत्यात, ब्येस. पण खरी गंमत पुढंच हाय, पावणं. त्याला चांगलं ठोकावं, चुका काढाव्यात, म्हणून घरी एकटा बसून ‘मोटकरीण’ची कॅसेट लावली. नीट ऐकली. पुन्ना ऐकली. ते चाक... ते चाक ढोलकीला वडून न्हेतंय वो! तीस वर्सं मी वरडत बसलो, ऐकलं कवा? ‘मोटकरीण’च पयला हाय. खरंच हाय!

आणि आता हे सांगू कुणाला? त्याला कळवलं, तर म्हणणार, दया आली. भांडण मिटलं, तर कार्ड बंद! म्हणून आजबी लिवून टाकलंय, पावणं: ‘ओढ्यापल्याड पयला. तुला संगीतातलं काय कळतं?’